मोरकंठी गिटार

“बाळापर्यंत रंगाचा वास येतो का, हे तू मला इतक्यांदा विचारलंस. आत जो बसतो त्याच्या छातीत किती जातो, ते एकदा तरी विचार की,” असं अखिला फोनवर म्हणाली, तेव्हा नित्याच्या एका खांद्यावर ढेकर न काढलेलं बाळ होतं आणि दुसऱ्या खांद्याने तिने फोन कानाशी दाबून धरला होता. अखिला तिची कॉलेजातली मैत्रीण. चेन्नईजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात ती कामगारांच्या सुरक्षेचं बघायची, त्यामुळे तिला जिथेतिथे धोका दिसायचा. त्याचाच तिला पगार होता. “विचारते,” नित्या म्हणाली. तेवढ्यात बाळाने ढेकर दिली, सोबत थोडं दूधही काढलं, आणि ते दूध पुसता पुसता अखिलाचं बोलणंही पुसलं गेलं.

नित्या बाळंतपणाला तंजावूरला आईकडे आली होती. नवरा प्राणेश कोइंबतूरला नोकरीत, तो सुट्टी बघून यायचा. मेल राजवीधीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मग छोटं अंगण, आणि अंगणापलीकडे एक लांबोडी खोली. अप्पा होते तेव्हा तिथे त्यांची टायपिंगची शिकवणी चालायची. अप्पा गेले, टाइपरायटर भंगारात गेले, आणि ती खोली मुरलीकृष्णाची झाली. मुरलीकृष्ण म्हणजे नित्याचा मोठा भाऊ, तिचा मुरलीअण्णा. लग्न केलेलं नव्हतं. तो त्या खोलीत इलेक्ट्रिक गिटारी रंगवायचा.

सुरुवात गाड्यांपासून झाली. बायपासवरच्या एका गॅरेजात तो ठोकलेल्या गाड्यांना रंग मारायचा. जुन्या दाराचा उन्हाने विटलेला रंग नव्या दारावर हुबेहूब आणायचा त्याला नाद होता. एकदा कॉलेजातलं एक पोरगं पिवळी पडलेली पांढरी गिटार घेऊन आलं आणि म्हणालं, काहीतरी वेगळं मार. मुरलीने तिला वांग्याचा रंग दिला. नुसता जांभळा नव्हे, देठाजवळ वांगं जसं पांढुरकं होत जातं तशी ती मानेजवळ फिकट होत गेली होती. पोराने फोटो टाकले. मग त्रिचीहून, बंगळूरहून, कोचीहून जुन्या चादरींत गुंडाळलेल्या गिटारी कुरियरने यायला लागल्या.

“लोक लेकीला माहेरी पाठवावं तशा पाठवतात,” अम्मा म्हणायची. “अंगावर तार नाही की खुंटी नाही. आणि परत जाताना बघा कशा नटून जातात.”

मुरलीच्या रंगांना नावं होती, ती सगळी स्वयंपाकघरातली नाहीतर अम्माच्या कपाटातली. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा काळा काढा, लसणीचं साल, नीरमोर. नीरमोर म्हणजे पातळ ताक. कढीपत्त्याचं पान पडल्यावर ताकाला जी हिरवट झाक येते ती त्या पांढऱ्यात होती, आणि ती आणायला त्याने अर्धा उन्हाळा घालवला होता.

“दुकानात काळी मिळते, पांढरी मिळते, तपकिरी मिळते,” नित्याने एकदा विचारलं. “पुरत नाही लोकांना?”

“दुकानातली घेतली की शेजारच्या पोराचीही तशीच असते. मग ती भिंतीला लटकते. असा रंग असला की पोरगं ती रोज उतरवतं. नुसतं बघायला म्हणून उतरवतं, आणि हातात आली की वाजवतंच.”

“रंगाने आवाज बदलतो का?”

“आवाज नाही बदलत. हात बदलतो.”

“तुला काय कळतं वाजवण्यातलं? एका तारेवर हॅपी बर्थडे येतं तुला. तेही शेवटी चुकतं.”

“म्हणूनच तर रंगाकडे नीट बघायला वेळ मिळतो,” मुरली म्हणाला.

आता ही नित्या मूळचीच काळजीखोर, त्यात आई झालेली. बाळाचं नाव सुप्रभा, पण घरात सगळे पाप्पाच म्हणायचे. पाप्पा झोपली की नित्या तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. जागी असली की नखं बघायची, डोळ्यांचा पांढरा भाग बघायची, लंगोट उजेडात नेऊन बघायची. आणि अम्माच्या घरात बाळंतिणीचा शब्द मोडायचा नाही ही रीत. पाप्पा झोपेत असताना मिरचीची फोडणी नाही, टीव्ही मुका, दारावरच्या फुलवालीनेसुद्धा हळू हाक मारायची. नित्याला हे सुख आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं, आणि तिने ते पुरतं वापरून घेतलं.

त्या लांब खोलीच्या भिंतीत अप्पांच्या काळचा एक एग्झॉस्ट पंखा होता. मुरली रंग मारायला लागला की तो पंखा सगळा वास अंगणात फेकायचा, आणि अंगणातल्या दोरीवर नेमके पाप्पाचे लंगोट वाळत असायचे. नित्याने एक लंगोट नाकाला लावला आणि तो तसाच धरून ती खोलीच्या दारात उभी राहिली.

“अण्णा, हे हुंग.”

मुरलीने हुंगलं. “धुतलेला आहे ना?”

“थट्टा नको. हा वास पाप्पाच्या अंगाला लागतो. पंखा बंद कर.”

त्याने वाद घातला नाही. त्याच दिवशी त्याने पंखा काढला, भोकात थर्मोकोल बसवला, वरून खाकी टेप चिकटवली. खिडकीच्या फटी टेपने बंद केल्या, आणि दाराच्या उंबऱ्याशी ओलं पोतं टाकलं. “घे. आता वास बाहेर यायचं नाव काढणार नाही,” म्हणाला.

आणि झालं असं की पंखा बंद झाल्यावर खोलीतली धूळही उडायची थांबली. ओल्या रंगावर कण बसेना. आधी एक हात मारला की तासन्‌तास घासून कण काढावे लागायचे, आता गिटार पहिल्याच हाताला आरशासारखी यायला लागली. मुरलीने नित्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या डिकॉक्शन रंगात तिला स्वतःचा अंबाडा दिसला, खांद्यावरची पाप्पा दिसली. “तुझ्या लंगोटांनी माझं काम सुधारलं,” तो म्हणाला, आणि नित्याला बरं वाटलं.

खोकला त्यानंतरच सुरू झाला. दिवेलागणीला अम्मा पाप्पाच्या खोलीत सांब्राणीचा, म्हणजे लोबानाचा धूर फिरवायची, आणि त्या सुमाराला मुरली ओसरीवर बसून खोकत असायचा. कोरडा, ओढून काढल्यासारखा खोकला.

“सांब्राणी लागते त्याला,” अम्मा म्हणाली. “लहानपणापासून छाती नाजूक. माझ्या भावाचीही तशीच होती.”

सगळ्यांना ते पटलं. धूर समोर दिसत होता, खोकला ऐकू येत होता, मग आणखी काय शोधायचं? नित्याला वेगळीच चिंता, की हा खोकला पाप्पाला लागला तर? तिने औषधाच्या दुकानातून मास्कची पेटी आणवली आणि फर्मान काढलं की पाप्पाला घ्यायचं तर मास्क लावूनच. मुरली मास्क लावून भाचीला खेळवायचा. भाचीला मामाचे डोळे तेवढे ओळखीचे झाले. आणि तिला आईकडे देऊन तो मास्क खुंटीला अडकवून खोलीत जायचा, घडी घातलेला रुमाल नाकाला बांधायचा आणि रंग फवारायचं पिस्तूल उचलायचा.

त्याच दिवसांत सूर्यनारायण आला. पापनाशमचा. लग्नांत आणि देवळांच्या उत्सवांत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या लाइट म्युझिकच्या ताफ्यात तो लीड गिटार वाजवायचा. घरचं बोलणं नित्याच्या घरासारखंच, तंजावूरच्या जुन्या मराठी घरांतलं, तमिळ मिसळलेलं मराठी. अम्माने कापी, म्हणजे कॉफी, पुढे केली तशी त्याने लगेच नात्यांची चौकशी सुरू केली आणि कुणाच्या तरी आत्याच्या सासरपर्यंत जाऊन पोचला.

“घरी मी मराठीत विचारतो, पोरं तमिळमध्ये उत्तर देतात,” तो म्हणाला. “म्हटलं, उत्तर तरी देतात.”

मग त्याने गिटार मांडीवर घेतली. काळी होती, कडा झिजलेल्या. “मुरली सार, गाणारे पुढं उभे असतात. मी मागं, ड्रमच्या बाजूला. लाइटवाला माझ्यावर लाइट टाकत नाही, काळ्या शर्टावर काळी गिटार, टाकून दिसणार काय? माझ्या बायकोने आमचा एक व्हिडिओ अख्खा बघितला आणि विचारलं, तुम्ही त्या दिवशी गेला नव्हता का? मला असा रंग द्या की लाइटवाल्याचा हात आपोआप वळला पाहिजे.”

“कुठला?”

“कुणाकडे नाही असा. नाव मला नाही ठाऊक.”

मुरली उठला, आत गेला, आणि अम्माच्या कपाटातून एक रेशमी साडी घेऊन अंगणात आला. अम्माच्या लग्नातली मयिलकळुत्तु, म्हणजे मोराच्या गळ्याचा रंग. उभा धागा निळा, आडवा हिरवा. त्याने ती उन्हात धरली आणि मनगट नुसतं वळवलं. निळी होती ती हिरवी झाली, आणि घडीच्या खोबणीत काहीतरी जांभळं चमकून गेलं. सूर्यनारायण कापीचा पेला हातात तसाच धरून बघत राहिला.

“हे लाकडावर येतं?”

“अजून तरी कुणाचं आलेलं मी बघितलं नाही,” मुरली म्हणाला.

“माझी साडी उन्हात का घातलीस?” अम्मा आतून म्हणाली, पण तीही बघायला बाहेर आली होती.

मुरलीने काळा रंग खरवडून काढला. खाली अ‍ॅश या विलायती झाडाचं लाकूड निघालं, उभ्या खोल शिरांचं. एरवी रंगारी त्या शिरा आधी बुजवून टाकतात. मुरलीने त्या तारेच्या ब्रशने आणखी उघड्या केल्या. सगळं काळं करून घेतलं, मग पिस्तूल अगदी तिरपं धरून डावीकडून नुसता निळा मारला, तो शिरांच्या एकाच काठावर बसला. मग गिटार फिरवून उजवीकडून हिरवा, तो दुसऱ्या काठावर. समोरून बघावं तर अंधारं पाणी. एक पाऊल डावीकडे टाकलं की निळं, उजवीकडे गेलं की हिरवं. नित्या पाप्पाला घेऊन दारातून इकडे-तिकडे सरकून बघत होती. पाप्पाने मान वळवून वळवून त्या गिटारीचा पाठलाग केला आणि हुंकार दिला.

“तिला कळलं,” मुरली म्हणाला, आणि खोकला.

आता राहिलं होतं ते वरचं पारदर्शक लॅकर. त्यात हार्डनर मिसळला की ते काचेसारखं कडक बसतं, घाम लागत नाही, आणि खालचा रंग पाण्यातून बघावा तसा खोल दिसतो. मुरली म्हणायचा, रंग हा अर्धाच असतो, उरलेला अर्धा लॅकर.

ते मारायच्या आधी ओरत्तनाडूला चुलत बहिणीचं, हरिप्रियाचं लग्न आलं. सगळे आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले. होम मोठा होता. लाकडं ओली निघाली, मांडवभर धूर. नित्या पाप्पाला पदराखाली घेऊन बाहेर पळाली. तिथून तिला मांडव दिसत होता. भटजींच्या शेजारी बसून मुरली विझणाऱ्या होमाला पंख्याने वारा घालत होता. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, धूर सरळ तोंडावर. आणि तो भटजींशी गप्पा मारत होता.

नित्या बघत राहिली. आदल्या संध्याकाळीही तो खोकला नव्हता, हे तिला आता आठवलं. झोपेतही नाही. जेवताना ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“अण्णा, तुला खोकला आला नाही.”

“आणू का?”

“सांब्राणीपेक्षा दहापट धूर होता. खोकला नाही आला तुला.”

“लग्नाचा धूर शुभ असतो,” त्याने पायसम ओरपत सांगितलं.

 धूर नाही, तर मग काय? घरी असतं आणि इथे नसतं असं काय? नित्या पानावरून उठली, मांडवाच्या मागे जाऊन तिने अखिलाला फोन लावला. अखिला कारखान्यात असावी, उचलला नाही. येताना बसमध्ये मुरली पुढे बसला होता, नित्या मागे पाप्पाला थोपटत. घरी गेल्यावर पहिलं हे बोलायचं, ती मनात घोकत होती.

पण घरी पोचल्यावर पाप्पा प्रवासाने किरकिरी झालेली. नित्या तिला घेऊन आत बसली. सूर्यनारायणला ज्या देवळाच्या उत्सवात वाजवायचं होतं तो जवळ आला होता, म्हणून मुरली कपडे बदलून सरळ खोलीत गेला. पिस्तुलाला हवा देणारा कॉम्प्रेसर सुरू झाल्याचं नित्याला ऐकू आलं. ही झोपली की जाते, तिने ठरवलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला. मग थांबला, आणि थांबलेलाच राहिला.

एरवी एक हात झाला की मुरली लगेच अंगणात यायचा आणि अम्माकडे कापी मागायचा. नित्याने कान दिला. कापीची हाक नाही. पाण्याचा नळ नाही. मग पत्र्याचं काहीतरी जमिनीवर पडून गोल फिरत गेल्याचा आवाज, आणि पुढे काहीच नाही.

तिने पाप्पाला तुळीत, म्हणजे साडीच्या झोळीत टाकलं. पाप्पाने टाहो फोडला. पाप्पाला रडतं ठेवून नित्या अंगणात धावली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

दार ओल्या पोत्यावर अडकलं होतं. खांद्याने रेटलं तेव्हा आतून हवेचा एक गरम, गोडसर लोट अंगावर आला. मुरली स्टुलावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. रुमाल गळ्यात उतरला होता. प्रत्येक श्वासाला त्याच्या गळ्याच्या खळीत बोट जाईल एवढा खड्डा पडत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं आणि शब्द न काढता मिटलं.

तिने त्याला काखेत हात घालून बाहेर ओढला. अम्मा धावत आली. “पाप्पाला बघ,” नित्या म्हणाली, आणि समोरच्या नटराजची ऑटो उभी होती तिच्यात भावाला बसवून गेलीसुद्धा. वाटभर ती त्याच्या पाठीवर हात ठेवून होती. ऑटो खड्ड्यातून गेली की तिला कळेना की धक्का रस्त्याचा आहे की त्याच्या छातीचा.

हॉस्पिटलात वाफ दिली, इंजेक्शन दिलं. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. डॉक्टर बाई शांत होत्या. कामाचं विचारलं, पंख्याचं विचारलं, खोकला कधी येतो आणि गावाबाहेर येतो का तेही. नित्याने ओरत्तनाडूचा होम सांगितला तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली.

“तो हार्डनर यांना बाधलाय,” त्या म्हणाल्या. “दम्यासारखंच आहे, पण त्या एका पदार्थाने जागा होणारा. शरीराने त्याच्याशी आता वैर धरलंय. पुढच्या वेळी एवढा वेळही मिळणार नाही. साधे रंग उघड्यावर, चांगला मास्क लावून मारा. पण हार्डनर कायमचा बंद.”

“मोठा मास्क लावला तर?” मुरलीने विचारलं. दुपारपासूनचं ते त्याचं पहिलं वाक्य.

“नाही.”

“थोडासा घातला तर?”

“नाही म्हटलं मी,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मग नित्याकडे बघून, “हे परत विचारणार.”

घरी आल्यावर नित्याने खोलीतला थर्मोकोल काढायला घेतला. टेप निघेना, रंगही सोबत निघत होता. मुरली ओसरीवरून बघत होता.

“पंखा मी बंद करायला लावला,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“तू लंगोटाचं बोललीस. पंखा मी काढला.”

“तेच ते.”

“तेच नाही. पहिल्याच दिवशी फिनिश काय आली बघितलीस ना? तू कोइंबतूरला गेली असतीस तरी मी तो परत लावला नसता.” त्याने श्वास घेतला, आता पुरता येत होता. “ती टेप अशी नको ओढू. ओली करून काढ.”

अखिलाचा फोन आला, नित्याने तिला सगळं सांगितलं. नित्याला वाटलं होतं ती म्हणेल, सांगितलं होतं ना. अखिलाने एवढंच विचारलं, “डबे कुठं आहेत?” मग ते कसे बंद करायचे, कुणाच्या हाती परत द्यायचे, खोली किती दिवस उघडी ठेवायची, सगळं नीट सांगितलं, आणि फोन ठेवताना म्हणाली, “तू जेवलीस का?” तेव्हा नित्याला रडू आलं.

आठवड्याभराने सूर्यनारायण आला. गिटार तारेला टांगलेली होती. रंग पूर्ण, लॅकरचा एकच अर्धवट हात एका कडेला, बाकी सगळं मंद आणि उघडं.

“बायपासवरच्या गॅरेजात देऊ का?” त्याने चाचरत विचारलं. “उत्सव तोंडावर आलाय, वरचं तेवढं मारून घेतो.”

“तिथं बंपरवर मारतात तसं जाड मारतील,” मुरली म्हणाला. “शिरा भरून जातील. मग निळाही नाही, हिरवाही नाही, नुसती शेवाळी.” तो उठून गिटारीपाशी गेला. एका बाजूला झुकला, दुसऱ्या बाजूला झुकला. नित्याला ते झुकणं ओळखीचं होतं. ती पाप्पाच्या झोळीशी असंच करायची. “एकच हात,” तो म्हणाला. “अंगणात, उघड्यावर. तुम्ही सगळे पुढं बसा.”

“डॉक्टर काय म्हणाल्या?” नित्याने विचारलं.

“डॉक्टर गिटार वाजवत नाहीत.”

“तूही वाजवत नाहीस.”

सूर्यनारायण हसला, मग त्या दोघांचे चेहरे बघून हसायचा थांबला. त्याला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. नित्याने सांगितलं, ऑटोपर्यंत सगळं, भावासमोर. मुरली भिंतीकडे बघत होता.

 सूर्यनारायणने गिटार तारेवरून उतरवली आणि तळहात तिच्यावरून फिरवला, शिरांच्या आडवा. पुन्हा फिरवला. “हे हाताला लागतं,” तो म्हणाला. “साडीसारखं लागतं. काच मारली की हे जाणार ना?”

“जाणारच.”

“मग मला काच नको.”

“तसंच उघडं ठेवलं तर घामाने महिन्यात मरेल.”

“मुरली सार, ते तुम्ही बघा. पण त्या डब्यातलं नको. मी उत्सवात ही गळ्यात घालून उभा राहणार. तुमचं काय होतंय त्याचा विचार करत वाजवू का मी?”

मुरली पुटपुटत आत गेला. या गावात वीणा बनतात, आणि त्यांच्यावर लाखेचं पॉलिश हाताने चढवतात, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यानेही ते लहानपणी बघितलेलं, पण गाड्यांच्या रंगाची सवय लागल्यावर त्याला ते म्हाताऱ्यांचं काम वाटायचं. त्याने एका फळीवर घासून बघितलं. साध्या लाखेने निळा पिवळट पडला, हिरव्यात गेला. त्याने शिवी दिली. मग धुतलेली पांढरी लाख आणली. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख तो अंगणात बसून चोळत राहिला. पिस्तुलाने हात मारायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आता तळहाताएवढीच जागा व्हायची. पाप्पा शेजारी चटईवर पालथी पडून बघत होती. नित्याने चटई वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला घेतली, आणि त्याच्याही मागे जाऊन वारा कुठून येतो ते बघितलं.

आरसा झाला नाही. त्या गिटारीत कुणाचा चेहरा दिसत नव्हता. पण सूर्यनारायणच्या बायकोने उत्सवातला जो व्हिडिओ पाठवला त्यात मधल्या गाण्यात लाइट एकदा मागे वळला, सूर्यनारायण डावीकडून उजवीकडे झुकला, आणि पुढे गाणारी बाई ओळ म्हणता म्हणता वळून बघत राहिली. पुढची ओळ तिने उशिरा उचलली. मुरलीने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. अम्मा म्हणाली, “माझी साडी नाचतेय.”

गोष्ट इथे सुखाने संपली असती. पण परवा बंगळूरहून कुणाचा फोन आला. मोरकंठीच पाहिजे, पण वरून काच पाहिजे, बोट ठेवलं तर ठसा उठला पाहिजे. मुरली नाही म्हणाला. नित्या दारात होती, तिने ऐकलं. नाही म्हणायच्या आधी तो किती वेळ थांबला होता, तेही तिने ऐकलं.

आता तिची परत जायची वेळ झाली आहे. प्राणेश न्यायला येतो आहे. अम्माला हल्ली वास येत नाही, दूध करपलं तरी कळत नाही, आणि लेकाने “काही नाही, अम्मा” म्हटलं की तिच्या लेखी काही नसतं. फोनवर विचारलं तर मुरलीअण्णा ठणठणीत आवाजात बोलणार, खोकला आला तर फोन लांब धरणार. नित्या त्याला ओळखून आहे.

म्हणून तिचं तुम्हा वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. कुणी तंजावूरला जाणार असाल तर मेल राजवीधीच्या मागच्या गल्लीत जा, मुरलीकृष्णाचं घर कुणीही दाखवेल. गिटार बघायला आलो म्हणा, तो खूश होईल. अम्मा कापी देईल, ती घ्या. मग त्याला म्हणा, तुमच्या गच्चीवरून मोठ्या देवळाचं शिखर दिसतं म्हणे, दाखवा की. तो पुढे होईल, जिना चढेल. वर पोचलात की लगेच त्याला काहीतरी विचारा, आणि शिखराकडे न बघता त्याच्याकडे बघा, तो चटकन उत्तर देतो की आधी कठड्याला धरून दम घेत उभा राहतो. आणि कठडा धरलाच, तर खाली उतरून नित्याला कोइंबतूरला फोन करा. पाप्पा झोपली असेल, असा विचार करू नका.